तुमच्या हातचं त्यांना पचायचं

आत्याबाई, मी नळावरून दुसरा गुंड भरून आणला तेव्हा तुम्ही चुलीपुढे बसून माझ्या भाकरीचा पापुद्रा सोलत होतात. अंगण झाडून सडा टाकून झाला होता. पऱ्हाट्या पेटवून मी तीन भाकरी थापल्या होत्या, चौथीचं पीठ परातीत तसंच होतं, कारण नळ जायची वेळ झाली होती. तुमचे लेक बाजेवर पाय खाली सोडून बसले होते. तुम्ही पापुद्र्याचा दोन बोटांएवढा तुकडा तोडला, त्यावर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग ठेवला आणि हात वर केला. त्यांनी तोंड उघडलं. चाळिशीला आलेला माणूस, कापसाच्या जिनात ज्याच्या हाताखाली आठ माणसं राबायची, तो तोंड उघडून बसला. मी उंबऱ्यात उभी, कमरेवर गुंड, पदरातून पाणी ठिबकतंय, आणि दोघांपैकी कोणी मान वळवून पाहत नाही. भाकर मी केली होती, अंडं मी उकडलं होतं, ज्वारी मी दळली होती. पण त्यांच्या पोटात गेली ती तुमच्या हातची. त्या सकाळी पहिल्यांदा मला वाटलं, की तुम्ही आता आपल्या गावी जावं.

त्याआधीचं तुम्हाला सगळं ठाऊक नाही, कारण तुम्ही तेव्हा हिवरखेडला थोरल्या लेकाकडे होतात. चार वर्षं त्यांचं पोट दुखत होतं. जेवलं की दुखायचं, उपाशी राहिलं की जास्त दुखायचं. सोडा खायचे, पोटाला गरम वीट लावायचे आणि कामावर जायचे. त्या फाल्गुनात जिनातच त्यांना रक्ताची उलटी झाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी अमरावतीला पाठवलं. तिथे पोट फाडलं, आणि अल्सर म्हणून अर्ध्याहून जास्त पोट कापून काढलं. मोठ्या डॉक्टरांनी मला आपली मूठ दाखवली आणि म्हणाले, आता एवढंच राहिलं आहे. मी त्या मुठीकडे पाहत राहिले. पाच भाकरी खाऊन वर वरण-भात खाणारा माणूस, आणि मूठभर पोट. मी मनात म्हटलं, मूठ तर मूठ, पण ती मी भरीन.

घरी सोडताना कंपाउंडरनं एक कागद दिला. काय द्यायचं ते त्यावर मराठीत लिहिलेलं होतं. पेज, दूध, साबुदाण्याची खीर, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. तो कागद मी स्वतः वाचला. मला कोणी शिकवलं नव्हतं. तुमचे लेक संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे, आणि ते कामावर गेले की मी तोच पेपर घेऊन बसायची, काल कानावर पडलेले शब्द कुठे आहेत ते बोटानं शोधायची. असं करत करत दोन वर्षांत मला वाचता यायला लागलं होतं. दवाखान्याच्या दारात उभी राहून मी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तेव्हा कंपाउंडर म्हणाला, वा बाई. ते वा बाई मी अकोल्यापर्यंत सोबत आणलं. घरी आल्याबरोबर कणकेची खळ केली आणि कागद चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवला. चारी कोपरे हातानं दाबले, मधेही दाबला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावा, की या घरात डॉक्टरच्या कागदाप्रमाणे चालतं आणि तो कागद या घरातली बाई वाचते.

मी खीर करायची. दूध आटवायची, साखर घालायची, वाटी भरून द्यायची. ते खायचे. पाव तास जात नाही तोच त्यांच्या कपाळावर घाम यायचा, छाती धडधडायची, ओठ पांढरे पडायचे, पोटात मुरडा यायचा आणि भिंतीला धरून ते मागच्या अंगणात जायचे. आले की मेल्यासारखे पडून राहायचे. मला वाटायचं, अशक्तपणा आहे. अशक्त माणसाला काय द्यावं? दूध, साखर, तूप. मग दुपारी पुन्हा खीर. पुन्हा घाम. धोतर कमरेला राहीना, गालाची हाडं वर आली. एवढं दूध पोटात जातं आणि अंगाला लागत नाही, याचा अर्थ मला एकच कळत होता, की माझ्या हातात काही कमी आहे. तुम्ही ज्येष्ठात आलात ते यामुळेच. थोरल्यांना कोणीतरी सांगितलं, की धाकटा हाडाडला, नुसती हाडं उरली.

आल्या दिवशी तुम्ही काही केलं नाही. बाजेजवळ बसून दिवसभर नुसतं पाहत राहिलात, तो काय खातो, खाल्ल्यावर काय होतं, किती वेळानं होतं. दुसऱ्या दिवशी खिरीची वाटी तुम्ही माझ्या हातातून घेतली आणि झाकून ठेवली. मी पदर पुढे ओढून म्हटलं, कागदात लिहिलं आहे. तुम्ही कागदाकडे पाहिलंही नाही. तुम्ही भाकर मागितलीत. मग तुमचं ते सुरू झालं. दोन बोटांएवढा कोरडा तुकडा, तो पिठासारखा होईस्तोवर चावायचा, मग दुसरा. असे सात-आठ तुकडे, बस. पाण्याचा लोटा तुम्ही स्वतःच्या मांडीत घेऊन बसायच्या, ते मागायचे आणि तुम्ही द्यायच्या नाहीत. जेवण झालं की त्यांना आडवं करायच्या, पोटावर हात ठेवून बसायच्या, आणि तासाभरानं लोटा पुढे करायच्या.

ते वैतागून म्हणाले होते, "माय, मले तहान लागून राहिली न वं."

"लागू दे. वासरू हगवणीले लागलं तं आपण त्याले चाऱ्यावर पाणी पाजतो काय?"

"म्हंजे मी वासरू झालो काय आता?"

"वासराले बरी अक्कल असते. ते मांगत नाई."

ते हसले. अमरावतीहून आल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि हसताना टाक्यांची जागा ओढली म्हणून पोटाला हात लावला, तरी हसत राहिले. मी तवा पालथा घालत होते. मला हसू आलं नाही.

आणि ते खाल्लेलं टिकलं. घाम आला नाही, अंगणात धावावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही टिकलं. आठ दिवसांत ते नाक्यापर्यंत चालत जाऊन आले. शेजारच्या पिंजाऱ्याची बायको, जिला आपण खाला म्हणायचो, ती कुडाच्या पलीकडून मला म्हणाली, "बेटी, तेरी सास के हाथ में शिफा है." शिफा म्हणजे गुण. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी हो म्हटलं आणि घरात येऊन ज्वारी पाखडायला घेतली, सुपातले अर्धे दाणे खाली सांडले.

मी तुमचा हेवा करत होते. आज हा शब्द लिहिता येतो, तेव्हा मनातही नीट उच्चारता येत नव्हता. तुम्ही घरात असलात की मी त्यांच्याशी सरळ बोलू शकत नव्हते, रीतच नव्हती. मी स्वयंपाक करायचा, ताट तुमच्याकडे सरकवायचं, तुम्ही वाढायचं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्यांच्या कपाळाचा घाम मी तुमच्यासमोर कधी पुसला नव्हता. तुम्ही त्यांच्या पोटावर हात ठेवायच्या, त्या नव्या व्रणावर, तो मी नुसता लांबून पाहिला होता. तो व्रण केवढा आहे हे तुमच्या तळहाताला माझ्याआधी कळलं. लेकरू तुम्ही वाढवलेलं, मान्य आहे. पण माझ्या पदरात लेकरू नव्हतं, आत्याबाई. मला भरवायला जे एक माणूस होतं, तेही तुम्ही घेतलं असं मला वाटायचं. रात्री तुम्ही दोघं झोपल्यावर, नाही, हे दिवसाही व्हायचं, मी परातीत हात घातला की मनात हिशेब चालायचा, की आज त्यांनी किती वेळा माय म्हटलं आणि मला काय म्हटलं. मला ते "ऐकू येतं का" एवढंच म्हणायचे, तेही मीठ हवं असलं तर.

म्हणून तुम्ही खालाकडे बसायला गेलात की मी गुपचूप खीर करायची. वाटी पुढे केली की ते एकदा दाराकडे पाहायचे, एकदा माझ्याकडे, आणि खायचे. मग तुम्ही यायच्या आत अंगणात जाऊन यायचे. तुम्हाला वाटायचं, कधीकधी बिघडतं. मला वाटायचं, खाताना तर आवडीनं खातात, म्हणजे तुमच्या हातचं गुणाचं असेल, पण माझ्या हातचं आवडीचं आहे. किती वर्षांनी ते मला एकदा म्हणाले, "त्या खिरीनं माहा जीव जायचा. पण तुह्यं तोंड पाहून खायचो." हे सांगताना ते हसत होते. मी त्या दिवशी जेवले नाही.

श्रावणात मी थोरल्यांना पत्र लिहिलं. माझ्या हातानं लिहिलेलं आयुष्यातलं ते पहिलं पत्र. पोस्टकार्डावर पेन्सिलीनं, रेघा आखून. लिहिलं की यांची तब्येत आता ठीक आहे, आत्याबाईंचे गुडघे इथे दुखतात, त्या गावाची आठवण काढतात, निंदणाला तुम्हाला माणूस लागत असेल, येऊन घेऊन जावं. तुमचे गुडघे दुखत नव्हते. गावाची आठवण तुम्ही एकदाही काढली नव्हती. चार दिवसांनी थोरले, माझे भासरे, दारात उभे राहिले, आणि तुम्हाला वाटलं, की त्यांना शेतात गरज आहे म्हणून आले. तुम्ही गाठोडं बांधलंत. निघताना मला एवढंच म्हणालात, की त्याले जेवताना पाणी नको देऊ. मी मान हलवली. मोटार वळणावर गेल्यावर मी घरी येऊन दूध आटवायला ठेवलं.

पुढचे दोन महिने मला आठवायचे नसतात, तरी आठवतात. मी कागदाप्रमाणे सगळं केलं. सहा वेळा. वर त्यांनी मागितलं की पाणी, कारण तहानलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायला माझी जीभ वळत नव्हती, आणि वळली असती तरी ते तुमचं सांगणं होतं म्हणून मी ते केलं नसतं. ते पुन्हा वाळले. जिनाचा हंगाम जवळ आला होता. मॅनेजरनं सांगून ठेवलं होतं, की हंगाम सुरू होईस्तोवर उभा राहिलास तर तुझी जागा तुझी, नाहीतर दुसरा फिटर पाहावा लागेल. एक दिवस ते तेच बोलायला गेले आणि जिनाच्या फाटकात चक्कर येऊन पडले. दोन हमालांनी आणून बाजेवर टाकले. घरून निघताना मी त्यांना मोठा पेला भरून गोड दूध दिलं होतं, अंगात ताकद राहावी म्हणून.

त्याच आठवड्यात आपण घेतलेल्या धम्मदीक्षेला वर्ष होत होतं आणि वस्तीत सगळ्यांनी घरं सारवायला काढली होती. मीही भिंती पोतारत होते. चुलीजवळ आले, पांढऱ्या मातीचा ओला बोळा कागदाच्या कडेला लागला, खळ सुटली आणि कागदाचं एक टोक खाली लोंबलं. धुरानं काळा झाला होता, म्हटलं, काढून पुन्हा नीट लावू. हलक्या हातानं सोडवला. मागच्या बाजूला अक्षरं होती. तोच कंपाउंडरचा हात, तीच शाई, खळीनं कुठे कुठे पुसलेली. वर लिहिलं होतं, पंधरा दिवसांनंतर. मी ओल्या मातीच्या हातानं उभ्या उभ्या वाचलं. दूध-साखर, खीर, गोड पदार्थ बंद. कोरडं अन्न, चावून चावून, थोडं. अंडी द्यावी. जेवताना पाणी देऊ नये, नंतर तासाभरानं द्यावं. जेवण झाल्यावर आडवं व्हावं. शेवटी सही.

आत्याबाई, मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. आधी भीती नाही वाटली, लाजही नाही. आधी राग आला, तुमचा. जे मला वाचता येत होतं आणि मी भिंतीला चिकटवून झाकून टाकलं, ते तुम्ही एक दिवस नुसतं बसून पाहिलं आणि तुम्हाला कळलं होतं. एक ओळ इकडची तिकडे नव्हती. लाज नंतर आली, आणि ती अजून आहे.

त्याच दुपारपासून मी त्यांना तसं द्यायला लागले. दोन बोटांचा तुकडा, लोटा माझ्या मांडीत, मग आडवं करायचं, आणि आता घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून पोटावर माझा हात. त्यांनी एकदा विचारलं, हे मायसारखं काहून करून राहिली? मी म्हटलं, कागदात आहे. कार्तिकात ते कामावर गेले. फडक्यात भाकरीचे पाच तुकडे वेगवेगळे बांधून द्यायची, भोंग्याच्या मधे मधे खायला. अंगावर मांस फार आलं नाही, पण माणूस उभा राहिला. वस्तीतल्या बाया म्हणायला लागल्या, की हिनं कागद वाचून वाचून नवरा वाचवला. खालानंही तेच शब्द माझ्यासाठी वापरले, जे तुमच्यासाठी वापरले होते. मी कोणालाही दुरुस्त केलं नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्याबद्दल असं बोलत होतं, आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

ते नऊ वर्षं जगले त्यानंतर. दिवसातून सहा वेळा, मुठीत मावेल एवढं. लग्नाच्या पंगतीत बसायचे नाहीत, पानाकडे पाहून उठून जायचे, आणि लोक मला विचारायचे, रागावले काय. छातीच्या तापानं गेले, पोटाचा त्यात काही संबंध नव्हता. शेवटचे दोन दिवस ते शुद्धीत नव्हते. मी कापूस भिजवून ओठाला पाणी लावत होते, आणि ते माय म्हणत होते. तुम्हाला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. आपल्यात आता मेल्यानंतरचं काही मानत नाहीत, आणि मीही वाचून विचार करून मानत नाही. तरी कधी सांजेला एकटीसाठी एक भाकर थापताना मनात येतं, की तुम्ही दोघं कुठेतरी बसला आहात, आणि हात वर केलेला तुमचाच आहे. बघा, माझं अजून गेलं नाही.

पण हे पत्र मी ज्याच्यासाठी लिहायला घेतलं, ते मी इतका वेळ टाळत आले. तुम्ही पुढच्या वैशाखात, बुद्धजयंतीच्या आधी आलात तो दिवस. त्यानंतर आलेल्या पावसाळ्यात तुम्ही गेलात, म्हणून तीच आपली शेवटची भेट.

तुम्ही दुपारी आलात. ते जिनात होते. तुमच्यासोबत एक मोठं गाठोडं होतं, दोन लुगडी जास्तीची, म्हणजे राहायला आला होतात. वाटेतच कोणीतरी तुम्हाला सांगितलं असणार, कारण पाय धुवून बसल्याबरोबर तुम्ही विचारलंत, कागदात पाहून तू त्याले बरं केलं म्हणतात, खरं काय. मी म्हटलं, हो. तुम्हाला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तुमचा चेहरा उजळला. तुम्ही म्हणालात, "वाच बरं मले तो कागद. पुरा वाच."

मी पेटीतून कागद काढला. तुम्ही सरकून जवळ बसलात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, विहारात वंदना ऐकायला बसतो तशा. मी वाचलं, गोड बंद. तुम्ही मान हलवली. कोरडं अन्न, चावून चावून. तुम्ही पुन्हा मान हलवली, आणि माझ्याकडे पाहून जराशा हसलात. अंडी द्यावी. तेव्हा तुम्ही हळूच स्वतःच्या मांडीवर थाप मारली. मला दिसत होतं, तुम्ही एकेक ओळ ऐकून आपलं बरोबर होतं ते मोजत होतात. लिहिता-वाचता न येणारी बाई, डॉक्टरच्या कागदाशी आपलं जुळतं म्हणून थाप मारत होती. पुढची ओळ पाण्याची होती. माझी नजर तिच्यावर पोचली होती. मी कागदाची घडी घातली.

"झालं?"

"झालं."

"पाण्याचं काही नाई लिवलं काय?"

"नाई."

"अन् खाल्ल्यावर निजवाचं?"

"तेही नाई."

तुम्ही मांडीवरचा हात उचलून घेतलात. मग म्हणालात, "म्हंजे मी माह्या लेकराले उगाच तहानेनं मारलं वं. तीन महिने."

मी तेव्हा कागद उघडायला हवा होता. घडी माझ्या हातातच होती. मी उठून चहा ठेवला.

संध्याकाळी ते आले. मायला पाहून त्यांना एवढा आनंद झाला, की पायातल्या वहाणा काढायच्या विसरले. तुम्ही म्हणालात, आज मी वाढतो. मी बाजूला झाले, पदर पुढे घेतला. तुम्ही तुकडा दिला, दुसरा दिला, आणि मग पितळी पेला काठोकाठ भरून त्यांच्यापुढे केलात. ते म्हणाले, नको माय. तुम्ही म्हणालात, "पे रे बाबा. कागदात मनाई नाई. माह्याच डोक्यात होतं ते, मी चुकली." त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. मग चुलीकडे, माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. सहा महिने मी रोज लोटा मांडीत घेऊन बसत होते, कागदात आहे म्हणून मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी डोळे माझ्यावरून काढले नाहीत, मी बोलेन म्हणून थांबले. मी पऱ्हाटी मोडून चुलीत सारली. तेव्हा त्यांनी पेला उचलला आणि सगळा प्यायला, आणि तुम्ही दिलेले आणखी तीन तुकडे खाल्ले, आणि तुम्ही भरलेला दुसरा पेलाही प्यायला.

पाव तासात त्यांना घाम फुटला. अंगणापर्यंत पोचू शकले नाहीत, उंबऱ्यातच बसले, हात थरथरत होते, छाती लुगड्याच्या पडद्यासारखी हलत होती. तुम्ही पदरानं त्यांचं तोंड पुसत होतात आणि काय झालं, काय झालं म्हणत होतात. ते म्हणाले, "काही नाई माय. उन्हाचं झालं." त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, मलाही नंतर कधी विचारलं नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला अजून कळत नाही.

ते झोपल्यावर तुम्ही ओसरीत आलात. मी भांडी घासत होते. तुम्ही राख पुढे सरकवलीत आणि म्हणालात, "माह्या हाताले आता गुण नाई राह्यला. तूच वाढत जा त्याले. मी उद्या जातो." मी राहा म्हटलं असतं तर तुम्ही राहिला असता. तुमचं गाठोडं अजून सोडलेलंही नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. तुम्ही असता तरी ते तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुम्हाला कागद वाचून दाखवणारी मीच होते. म्हणून इथे लिहून ठेवते, पुरं, एकही ओळ न गाळता. पाण्याची ओळ होती. निजवायचीही होती. तुम्ही चुकला नव्हता. आणि आज तुम्ही समोर बसला असता, तर मी हे तोंडानं म्हटलं असतं का, याची मला खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमचं गाठोडं घेऊन स्टँडवर आले, हिवरखेडच्या मोटारीत तुम्हाला खिडकीजवळ जागा धरून दिली, आणि घरी येऊन त्यांच्यासाठी भाकर टाकली.